डावा गाल

विमलबाई मुलांना मारत नाहीत, ही गोष्ट सबंध कर्जतला ठाऊक होती. चाळीस-एक वर्षांपूर्वी पालक आपली मुलं मुद्दाम त्यांच्या तुकडीत घालायला धडपडत. शेजारच्या वर्गातून छडीचे सपके ऐकू यायचे, मुलांचं विव्हळणं ऐकू यायचं. विमलबाईंच्या हातात मात्र खडूशिवाय काही नसायचं. मारायचं काम त्यांनी मुलांवरच सोपवलं होतं.

पद्धत साधी होती. बाई एका टोकापासून प्रश्न विचारत जायच्या. ज्याला येणार नाही त्यानं उभं राहायचं. ज्याला उत्तर येईल त्यानं मागे जाऊन उभ्या असलेल्या एकेकाचं नाक डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि उजव्या हातानं डाव्या गालावर ठेवून द्यायची. नाक धरलं नाही तर मूल तोंड फिरवतं आणि मार वाया जातो. आणि कुणी मैत्रिणीला हळू मारलं, तर मग बाई स्वतः उठायच्या. "अशी नाही, अशी," म्हणून हळू मारणाऱ्याच्याच गालावर दाखवायच्या. हे वर्षातून एखाद्या वेळेसच करावं लागे. एकदा पाहिलं की सगळा वर्ग शहाणा व्हायचा.

"बाईंचा मार मूल विसरतं, मैत्रिणीचा विसरत नाही," असं विमलबाई शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना म्हणायच्या, आणि बाकीचे माना डोलवायचे. त्यांना स्वतःलाही पेणच्या शाळेत याच रीतीनं पाढे आले होते. त्यांनी फक्त ती रीत नीट बसवली होती.

आता पंचाहत्तराव्या वर्षी, डिसेंबरातल्या एका सकाळी, त्या मान्यता समितीच्या गाडीत बसून कडावच्या पुढे चालल्या होत्या, तेव्हा त्यांच्या मनात यातलं काहीही नव्हतं. भात कापून झालं होतं. मोकळ्या खाचरांत वाल वर आले होते आणि पेंढ्याच्या उडव्यांवर बगळे बसले होते. भिसेगावातल्या घरापासून इथपर्यंत त्यांनी गाडीतल्या दोघांना प्रत्येक वळण कसं होतं आणि आता कसं झालंय ते सांगितलं होतं.

"इथं पूर्वी रस्ता नव्हताच. ठाकूरवाडीची मुलं बांधाबांधानं यायची शाळेत. पायाला चिखल तसाच वाळलेला."

"तुम्हाला सगळं आठवतं हो, बाई," पुढच्या सीटवरून अजेय म्हणाला. तो पुण्याचा, समितीचा प्रमुख, चाळिशीचा. मागे विमलबाईंच्या शेजारी बसलेली रोहिणी मानसशास्त्र शिकलेली होती आणि मांडीवर फाइल उघडून वाचत होती. विमलबाई स्थानिक सदस्य. निवृत्त झाल्यावर पंधरा वर्षं त्यांनी घरच्या ओसरीवर वाचता न येणाऱ्या मुलांना मोफत शिकवलं होतं. अक्षरं उलटी दिसणं, आकडे जागा बदलणं म्हणजे आळस नाही, हे त्या उशिरा शिकल्या, पण शिकल्या. म्हणून त्यांना समितीवर घेतलं होतं.

शाळा त्यांच्या निशिगंधाची. दुसरीपासून चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलेली, तिन्ही वर्षं पहिली आलेली. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी तिनं ही खासगी शाळा काढली, याचं विमलबाईंना केवढं तरी कौतुक होतं. चाळीस मुलं होती. मान्यता मिळाली नाही तर जागा देणारा ट्रस्ट जूनमध्ये जागा काढून घेणार, हे निशिगंधानं फोनवर सांगून ठेवलं होतं. मान्यतेला तिघांच्याही सह्या लागत.

"बाई!" निशिगंधा फाटकातच वाकून पाया पडली. केस पांढरे झाले होते, पण हसताना नाक आक्रसायची सवय तीच. "आधी एक दाखवायचंय. मग तुमची तपासणी का काय ती करा."

वाचनाच्या खोलीवर नवी पाटी होती. तिच्यावर विमलबाईंचं नाव होतं.

विमलबाईंना डोळे पुसावे लागले. "अगं, जिवंतपणी कुणी पाटी लावतं का?"

"तुम्हीच घडवलंत, बाई. लोकांना कळायला नको?"

शाळा खरोखर चांगली होती. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा होता, शिक्षिका शिकलेल्या होत्या, खिडक्या मोठ्या होत्या. निशिगंधानं लेखी लिहून दिलं होतं की कुठलाही कर्मचारी मुलाला हात लावत नाही. अजेय रकान्यामागून रकान्यात बरोबरच्या खुणा करत होता. रोहिणी फक्त एका वहीपाशी थांबली. ती घटनांची नोंदवही होती.

"या सहामाहीत बत्तीस नोंदी आहेत," ती म्हणाली. "मुलांनी मुलांना मारल्याच्या."

"आवेगावर ताबा नसतो हो त्यांचा," निशिगंधा म्हणाली. "आम्ही लपवत नाही. प्रत्येक नोंद घरी कळवतो."

"बरोबर. अशा मुलांमध्ये दिसतं हे," असं म्हणून रोहिणीनं वही मिटली.

वर्गात बारा मुलं होती, आठ ते अकरा वयाची. वर्गशिक्षिका रजेवर होती, म्हणून निशिगंधा स्वतः दारापाशी उभी राहिली. "बाई, तुम्ही घ्या ना एक पाच मिनिटं. माझीही हौस भागेल."

विमलबाईंनी खडू घेतला. खडू हातात आला की त्यांच्या पाठीचं दुखणंच जायचं. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: कर्जत.

"ओळखीचंच आहे. काय लिहिलंय? तू सांग, बाळा."

पहिल्या बाकावरचा मुलगा, ओजस, फळ्याकडे बघत राहिला. "क... क..."

"असू दे. उभा राहा. पुढची?"

पुढची मुलगी सई. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. तिनं ओठ हलवले, आवाज आला नाही.

"उभी राहा तू पण. पुढची?"

उभं राहा म्हणण्यात त्यांच्या मनात काही नव्हतं. जुनी जिभेची सवय. घरच्या ओसरीवर मुलं जमिनीवर गोल बसायची, तिथं उभं करायचा प्रश्नच आला नव्हता. पण खडू, फळा आणि बाकांची ओळ समोर आली, आणि शब्द आपोआप बाहेर पडले. उभ्या राहिलेल्या सईनं बाकाची कड घट्ट धरली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

तिसरी होती सानवी. नऊ वर्षांची, सडपातळ, कपाळावर घामाचे थेंब. तिनं फळ्यावर बोट फिरवल्यासारखं हवेत बोट फिरवलं आणि एका दमात म्हणाली, "कर्जत."

"शाब्बास!" विमलबाई खुलल्या.

सानवी बाकावरून उठली. ओजसपाशी गेली, डाव्या चिमटीत त्याचं नाक धरलं आणि उजव्या हातानं खाड्‌कन त्याच्या गालावर ठेवून दिली. ओजसची मान हलली नाही. मग ती सईकडे वळली. सईनं डोळे गच्च मिटून स्वतःच तोंड वर केलं होतं. दुसरा आवाज पहिल्यापेक्षा मोठा आला. सईच्या नाकातून रक्ताची धार ओठावरून हनुवटीवर आली आणि गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरवर थेंब पडले. ती रडली नाही. खाली बसली. ओजसही बसला. सानवी आपल्या जागी गेली आणि तळहात मांडीला पुसून पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागली.

"अगं, अगं, अगं!" अजेय पुढे धावला.

"सुरेखा! कापूस आण," निशिगंधा शांतपणे म्हणाली. "सानवी, काय ठरलंय आपलं? मोठा श्वास घ्यायचा ना राग आला की? बघितलंत, रोहिणीताई? कारण काही नसतं. एकदम उसळतात."

रोहिणीनं कागदावर लिहून घेतलं.

विमलबाईंच्या हातातला खडू खाली पडून तुटला. त्यांना सई दिसत नव्हती. त्यांना दिसत होती चिंधी.

चिंधी ठाकूरवाडीची. तेल न लागलेले तांबूस केस, खांद्यावर उसवलेलं पोलकं. चौथीत होती आणि तिला एक ओळ वाचता येत नव्हती. गाणी सगळी पाठ, पक्ष्यांची नावं बाईंना येत नसतील इतकी यायची; पण पुस्तक उघडलं की दगड. निशिगंधा तिच्या शेजारी बसायची. चिंधी तिला पानाच्या द्रोणात करवंदं आणून द्यायची. पहिल्यांदा निशिगंधावर चिंधीला मारायची पाळी आली, तेव्हा तिनं गालावरची माशी हाकलावी तसा हात लावला. विमलबाई खुर्चीवरून उठल्या. "अशी नाही, अशी." निशिगंधाच्या गालावर पाच बोटं उठली. त्यानंतर निशिगंधानं कधी हळू मारलं नाही. चिंधीला रोज यायचं नाही, निशिगंधाला रोज यायचं. आठवडेच्या आठवडे तोच गाल, तोच हात. मार्चमध्ये एकदा चिंधी मार खाऊन खाली बसली आणि तिच्या डाव्या कानातून रक्त आलं. पातळ, पाण्यासारखं. ती मधल्या सुट्टीत दप्तर न घेता निघून गेली ती परत आली नाही. दप्तर म्हणजे खताच्या गोणीची पिशवी होती. वर्षअखेरीपर्यंत ती खिळ्याला लटकत होती.

जूनपासून विमलबाईंनी ती पद्धत बंद केली. का बंद केली ते कुणाला सांगितलं नाही. आपलं चुकलं, असं कुणापाशी म्हणाल्या नाहीत. तोवर निशिगंधाची तुकडी मोठ्या शाळेत गेलेली होती.

त्या व्हरांड्यात आल्या. नळापाशी सुरेखा सईचं नाक धूत होती. सुरेखा शाळेतली मावशी, जवळच्याच वाडीवरची.

"घाबरू नका, बाई. थांबंल आता. रोजचंच हाय."

"रोज?"

"मंग! आज याचं, उद्या तिचं." सुरेखानं सईच्या नाकात कापसाचा बोळा घातला. "पर मॅडम कंदी हात नाय लावत हां पोरांना. मी खोटं नाय बोलायची. पोरंच पोरांना मारतात."

"कोण सांगतं त्यांना मारायला?"

सुरेखानं मागे बघितलं. "सांगायला कशाला पायजे? उबं केलं का मारायचं. हळू मारलं का..." ती थांबली. "मला काय इचारू नका, बाई. माजी नोकरी हाय."

ऑफिसात चहा आला होता. अजेयनं शेवटचा कागद पुढे केला. "एवढं एक सोडलं तर उत्तम आहे सगळं. मुलांमधली आक्रमकता, असा शेरा मारू आणि मान्यता देऊन टाकू. बाई, सही."

"ती वही द्या मला," विमलबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा सारखा करून बत्तीसच्या बत्तीस नोंदी वाचल्या. चहावर साय धरली.

"रोहिणी, तुम्ही शिकलेल्या आहात. मला सांगा, भडकलेलं मूल कुठंही मारतं की नाही? चावतं, ओरबाडतं, लाथ घालतं. इथं बत्तीस वेळा मारलंय आणि बत्तीस वेळा डाव्या गालावर. नाक धरून. ही आक्रमकता नाही. शिक्षा आहे. बसवलेली."

"बाई," निशिगंधा हसून म्हणाली, "वय झालं तुमचं. दमलात."

"मी बसवलीय ती, निशू. माझ्याच वर्गात."

निशिगंधाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"मग त्यात वाईट काय आहे?" ती म्हणाली. "मी शिकले की नाही? ही मुलं साध्या शाळांतून मार खाऊनच येतात इथं. पट्टी, बूट, डस्टर. इथं निदान नियम आहे. येईल त्यानं मारायचं, येणार नाही त्यानं खायचं. आज खाल्लं, उद्या मारता येतं. सानवीला सहा महिन्यांपूर्वी स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. आज जोडाक्षर वाचलं तिनं. तुम्हीच शाब्बास म्हणालात."

"हे तुम्ही कबूल करताय?" रोहिणीनं विचारलं.

"मी काहीच कबूल करत नाहीये. बाईंना जुनं आठवतंय, त्यांच्याशी बोलतेय. आमच्या शाळेत मोठं माणूस मुलाला हात लावत नाही. लिहून दिलंय मी."

अजेयनं पेन टेबलावर वाजवलं. "बाई, पुरावा नसेल तर मला तसं लिहिता येणार नाही. चाळीस मुलांचा प्रश्न आहे."

"मग चला परत वर्गात," विमलबाई म्हणाल्या.

मुलं डबे उघडण्याच्या बेतात होती. विमलबाई गेल्या आणि सईच्या शेजारी, बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

"अजेय, मला प्रश्न विचारा. फळ्यावर काय लिहिलंय?"

"कर्जत... म्हणजे, काय लिहिलंय?"

"मला येत नाही." त्या बाकाला धरून उभ्या राहिल्या. "आता सानवीला विचारा."

अजेयनं खाली वाकून विचारलं. सानवी हळूच म्हणाली, "कर्जत."

"छान, बाळा. बस आता," दारातून निशिगंधा म्हणाली. आवाज अगदी गोड होता.

सानवी बसली नाही. कुणी उभं असताना 'बस' हा शब्द तिनं या खोलीत ऐकलेला नव्हता. तिनं मॅडमकडे पाहिलं, उभ्या असलेल्या आजीकडे पाहिलं. नियम चुकवला तर काय होतं, हे तिला नीट माहीत होतं. ती उठून आली. विमलबाईंना वाकावं लागलं. नाकावर दोन गार, खडूनं खरखरीत झालेली बोटं आली. जोराची बसणार म्हणून त्यांनी दात आवळून धरले. तेवढ्यातही त्यांच्या मनात आलं, की आपण पुन्हा एका पोरीला मारायला उभं केलंय.

सानवीचा हात वर गेला, आणि मध्येच त्यातला जोर निघून गेला. सुरकुतलेल्या गालाला तो नुसता टेकला.

सानवीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग कुणी काही न सांगता ती वळली, बाकांमधून चालत दारापाशी गेली, निशिगंधाच्या समोर उभी राहिली. तोंड वर केलं. डोळे मिटले. डाव्या हाताच्या चिमटीत स्वतःचं नाक स्वतःच धरलं.

"हळू लागली, मॅडम," ती गेंगाण्या आवाजात म्हणाली. "चुकलं."

वर्गातल्या बाकीच्या अकरा मुलांनी डोळे मिटून घेतले. सरावानं, एकदम. रोहिणीच्या तोंडून "आई गं" निघालं. निशिगंधाचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आलेला होता. तो कधी आला ते बहुधा तिलाही कळलं नव्हतं. ती त्या हाताकडे बघत होती.

विमलबाई दोघींच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. सानवीची बोटं तिच्या नाकावरून एकेक करून सोडवली. ती सुटत नव्हती, इतकी घट्ट होती. मग त्यांनी निशिगंधाकडे तोंड केलं.

"निशू, चिंधीला तू पहिल्यांदा हळू मारलं होतंस. ते बरोबर होतं. चुकलं होतं माझं."

निशिगंधाचा हात खाली आला तो विमलबाईंच्या गालावर. डाव्या. चष्मा भिंतीवर आपटला, कानातलं ऐकायचं मशीन उडून बाकाखाली गेलं. म्हातारं शरीर कोलमडून फळ्यावर आदळलं आणि साडीवर "कर्जत" अर्धं पुसून उतरलं.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" निशिगंधा किंचाळली. "तेव्हा सांगायचं होतंत! मी तिचा कान फोडला! माझ्या हातानं! मी दहा वर्षांची होते! रोज तिच्या गोणीच्या पिशवीकडे बघत बसायचे मी, आणि तुम्ही म्हणायचात, शाब्बास निशिगंधा! तेव्हा सांगायचं!" तिनं दुसऱ्यांदा हात उगारला. अजेयनं मागून तिचे दोन्ही दंड धरले. ती त्याच्या हातांत झटापट करत राहिली, आणि मग एकाएकी खाली बसून, पदर तोंडात कोंबून, पाठीला हिसके देत रडू लागली.

विमलबाईंच्या ओठातून रक्त येत होतं. जीभ फिरवून त्यांनी पाहिलं, एक दात हलत होता. सुरेखा धावत आली, तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं. सानवी तिथंच उभी होती. आता कुणी कुणाला मारायचं, हे तिला कळत नव्हतं.

"कागद द्या," विमलबाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

मान्यतेच्या कागदावर, सहीच्या जागी, त्यांनी सही केली नाही. वर नकाराचं कारण लिहायला दोन ओळी होत्या. त्यांनी लिहिलं, की या शाळेत मुलांकडून मुलांना मारवलं जातं आणि हळू मारणाऱ्याला मोठी माणसं मारतात. ही पद्धत मी चाळीस वर्षांपूर्वी कर्जतच्या शाळेत चालवली आणि आजच्या मुख्याध्यापिकेला शिकवली. त्याखाली पूर्ण नाव. दोन ओळींत मावलं नाही, म्हणून समासात उभं लिहिलं. अजेयनं ते वाचलं, आणि आपल्या आधीच केलेल्या सहीवर आडवी रेघ ओढली.

जूनमध्ये शाळा बंद झाली नाही. ट्रस्टनं मान्यतेसाठी एक वर्ष वाढवून दिलं आणि नवी मुख्याध्यापिका नेमली. निशिगंधावर गुन्हा नोंदवला गेला. विमलबाईंचा जबाब दोनदा घेतला, दोन्ही वेळा त्यांनी चिंधीपासून सुरुवात केली. त्याआधी, डिसेंबर संपायच्या आतच, समितीवरून त्यांचं नाव काढल्याचं रोहिणीनं फोन करून सांगितलं होतं. आवाज अवघडलेला होता.

"बरोबर केलंत," विमलबाई म्हणाल्या. "आणि त्या वाचनखोलीवरची पाटी उतरवली का?"

"उतरवली, बाई."

फोन त्यांनी उजव्या कानाला धरला होता. डाव्या कानात अजून बारीक शिट्टी वाजत होती. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, पडदा शाबूत आहे, काही दिवसांनी जाईल आपोआप. विमलबाईंनी त्यांना विचारलं होतं, पडदा फाटला असता तर किती दिवस वाजत राहिली असती. डॉक्टर हसले होते. "तुमचा फाटलेला नाही ना? मग कशाला विचार करता?"

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या निघाल्या. कडावच्या पुढे रिक्षा सोडली आणि बांधाबांधानं ठाकूरवाडीची वाट धरली. चिंधी आहे की नाही, असली तर या वाडीत की लग्न होऊन दुसरीकडे, त्यांना माहीत नव्हतं. वाडीतलं कुणी भेटलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मात्र त्यांनी रात्रभर घोकून पाठ केलं होतं.